दक्षिण ध्रुवाचा करार, मुक्काम कासिमेडू

माझ्या सासूबाई कुणाशीही माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची सून. पेंग्विन खात्यात आहे."

असं खातं नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. पण मी नेमकी कुठे आहे हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याचे डोळे हळूहळू मिटायला लागत, त्यामुळे शेवटी मीही पेंग्विनवर समाधान मानलं. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीबद्दल लिहा" असं म्हटलं, तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन विचारलंय या आनंदात मी लगेच हो म्हणून बसले. तेव्हा वाचकहो, डोळे उघडे ठेवा. गोष्ट गमतीची आहे.

नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून चेन्नईला गेला, त्याच्यामागून मी गेले. अण्णा नगरात बिऱ्हाड थाटलं. मत्स्यशास्त्राची पदवी हाताशी होती, ती घेऊन समुद्राशी संबंधित एका सरकारी कार्यालयात चिकटले. तिथे माझ्या टेबलावर जो विषय येऊन पडला, तो इतर कुणालाच नको होता: दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रातल्या जीवांचे आंतरराष्ट्रीय करार. बाहेर उन्हात डांबर वितळतंय, छताचा पंखा गरम हवा ढवळतोय, आणि मी बर्फातल्या माशांवर टिपणं लिहितेय.

विषय तसा सोपा आहे. दक्षिण ध्रुवाजवळचा समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही. तिथे क्रिल नावाची बारीक, जवळ्यासारखी कोळंबी अमाप असते. तिच्यावर देवमासे, पेंग्विन, सील अशा सगळ्यांचं पोट चालतं. खोल पाण्यात टूथफिश नावाचा एक थोराड, कुरूप मासा असतो, त्याला परदेशी हॉटेलांतून भलताच भाव. मालक नाही आणि माल महाग, म्हटल्यावर काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून बरेच देश एकत्र येऊन ठरवतात की कुणी, कुठे, किती आणि कशी मासेमारी करायची. त्यात आपला देशही आहे.

आता यातली खरी गंमत. कोणताही नियम बहुमताने होत नाही, एकमताने होतो. तुमच्या हाउसिंग सोसायटीची सभा आठवा. पाण्याच्या टाकीचा ठराव आलाय, सगळे हो म्हणतायत, आणि तळमजल्यावरचे एक काका म्हणतात, "माझा विरोध आहे." झालं, टाकी बारगळली. आमच्याकडे प्रत्येक नियमाचं हे असंच, फक्त काकांच्या जागी एक देश.

या विषयाला गिऱ्हाइकं फारशी नव्हती, पण जी आली ती नग होती. त्यातले पहिले सेल्वम. कासिमेडूच्या मासेमारी बंदरात त्यांची स्वतःची ट्रॉलर होती. भरदार मिशी, लुंगीसारखी नेसलेली शुभ्र वेष्टी, कपाळावर विभूती. एका सकाळी ते थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मला अंटार्क्टिकाचा परवाना पाहिजे."

तमिळ पेपरात त्यांनी टूथफिशच्या भावाबद्दल वाचलं होतं. मी नकाशा काढला. चेन्नई इथे, आणि मासा तिथे, असं बोट सरकवत सरकवत नकाशाच्या खालच्या कडेपर्यंत नेलं. त्यांनी ते अंतर नीट न्याहाळलं. "डिझेल पुष्कळ लागेल," म्हणाले. मग जरा विचार करून, "पण मॅडम, बर्फ तिकडे फुकटच ना?"

मला हसू आवरेना. पण प्रश्न अगदी रास्त होता. इथल्या ट्रॉलरवाल्यांचा डिझेलच्या खालोखाल खर्च असतो तो मासे टिकवायच्या बर्फावर. त्यांना परवाना काही मिळाला नाही, पण आमची ओळख झाली आणि त्यानंतर आमच्या घरी वंजरम कधी शिळा आला नाही. वंजरम म्हणजे आपली सुरमई.

माझ्या शेजारच्या टेबलावर सरोजाबाई होत्या, आमच्या ऑफिसच्या सुपरिंटेंडेंट. मूळच्या तंजावरच्या मराठी. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या झाल्या होत्या, तरी घरात मराठीच चाले. फक्त ती मराठी तमिळ हेल काढत यायची आणि अधूनमधून एखादा जुना शब्द असा टाकायची, की मला आमच्या देवघरातल्या पोथ्या आठवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्हीं पुण्याकडल्या काय? मग तुमची मराठी अशी बोडकी कशी?" मी अलिबागची असल्याचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सरी, म्हणूनच." सरी म्हणजे बरं; पण म्हणूनच काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. रोज केसांत ताजा गजरा, हातात कुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि ऑफिसातलं कोणतंही अडलेलं काम सोडवायची हातोटी.

तर एका वर्षी, दोन हजारच्या दशकात, आमच्या साहेबांनी परदेशात कुठल्याशा सभेत बोलता बोलता "पुढची बैठक आमच्याकडे घ्या की" असं म्हणून टाकलं. ते त्यांनी सौजन्य म्हणून म्हटलं होतं. समोरच्यांनी ते मनावर घेतलं.

बैठक लहानशी होती, तज्ज्ञांच्या एका गटाची. पण तिथे मसुदा ठरला तरच तो वर्षाच्या मोठ्या बैठकीत जाणार होता, आणि मसुदा होता पक्ष्यांबद्दलचा. टूथफिश पकडायला बोटी मागच्या बाजूने मैलच्या मैल लांब दोरी सोडतात. दोरीला हजारो गळ, प्रत्येक गळाला आमिष. ते पाण्यात बुडायच्या आत वरून अल्बट्रॉससारखे समुद्रपक्षी त्यावर झडप घालतात, गळ चोचीत अडकतो, आणि दोरीबरोबर पक्षीही खाली जातो. अल्बट्रॉसची जोडी विणीच्या खेपेला एकच अंडं घालते. दोघांतला एक परतला नाही तर पिल्लूही उपाशी मरतं. मी ही माहिती टिपणात इतक्यांदा लिहिली होती की ती मला पाठ होती, तरी दर वेळी ते शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचायचे.

यावर उपाय अगदी पोरखेळासारखा आहे. बोटीच्या मागे उंच काठी उभारायची, तिच्यापासून एक दोरी मागे समुद्रावर ताणायची आणि त्या दोरीला भडक रंगाच्या झिरमिळ्या लोंबत ठेवायच्या. झिरमिळ्या फडफडतात, पक्षी बिचकतात, तेवढ्यात आमिष बुडतं. शेतातलं बुजगावणंच, फक्त समुद्रावरचं. ही झिरमिळ्यांची दोरी ठरावीक पद्धतीने, प्रत्येक बोटीने लावलीच पाहिजे, असा आमचा मसुदा होता.

पोंगल उरकल्यावर पाहुणे आले. सगळे बर्फाळ देशांतले. जानेवारीचं आमचं गुलाबी हवामान बघून अध्यक्षबाई, इंग्रिड त्यांचं नाव, पहिल्या दिवशीच लालबुंद झाल्या आणि त्यांनी सभेच्या खोलीतला एसी इतका खाली आणला की आम्ही यजमान शाली पांघरून बसलो. सरोजाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ध्रुव इकडेच आणलाय की हो यांनीं!"

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी कॅप्टन बास्तियान उठले.

ते ज्या देशाकडून आले होते त्याचं नाव मी सांगत नाही. देश भला आहे. कॅप्टन म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. आयुष्य दक्षिणेच्या समुद्रात बोट चालवण्यात गेलेलं, आणि आता सरकारने सल्लागार म्हणून पाठवलेले. इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं, पण आवाज असा की माइक बंद केला तरी फरक पडत नसे.

"‘लावलीच पाहिजे’ नको," ते म्हणाले. "‘शक्यतो लावावी’ असं लिहा."

‘शक्यतो लावावी’ म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. शक्यतो लवकर निजावं, शक्यतो तळलेलं टाळावं, तसंच हे.

इंग्रिडबाईंनी कारण विचारलं. कॅप्टननी टेबलावर आपला पंजा ठेवला. "तुम्ही कुणी बोटीच्या मागच्या कडेला उभे राहिला आहात? मी राहिलोय. वारा आडवा आला की या झिरमिळ्या गळांच्या दोरीत गुरफटतात. मग सगळंच ओढलं जातं. माझ्या एका माणसाची बोटं त्यात गेली. तो पियानो वाजवायचा." त्यांनी पंजा मिटला. "पक्षी मलाही आवडतात. पण आधी माझी माणसं."

माणूस हट्टी असता तर भांडता आलं असतं. हा खरं बोलत होता. दुपारभर शब्दांची ओढाताण झाली. ‘लावावी’, ‘लावण्यात यावी’, ‘लावणे इष्ट’. एकाने ‘लावण्याचा कसोशीने प्रयत्न करावा’ असं सुचवलं, तेव्हा इंग्रिडबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. आजचा दिवस गेलाच, त्या म्हणाल्या. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत एकमत झालं नाही तर मसुदा यंदा पुढे जाणार नाही. म्हणजे आणखी एक अख्खा हंगाम जुन्याच ढंगाने.

आणि मी, जिने त्या खोलीत तोवर फक्त "चहा तयार आहे" एवढंच जाहीर केलं होतं, ती उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आपण करूनच बघू या का? उद्या सकाळी. इथे समुद्र आहे, बोट आहे, पक्षी आहेत."

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी बदली अंदमानला झालीच. पण कॅप्टनचा चेहरा उजळला होता. सभेच्या खोलीत कोंडून ठेवलेल्या माणसाला बोटीवर बोलवा, तो खुलतोच, मग कोणत्याही देशाचा असो.

सेल्वमना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, अंटार्क्टिकाचेच लोक ना? म्हणजे परवान्याचं जमतंय तर!" नाही म्हटलं, तरी बोट देतो म्हणाले.

आता झिरमिळ्या. नमुन्याच्या खऱ्या झिरमिळ्या परदेशातून निघाल्या होत्या, पण विमानतळावर कस्टमवाल्यांना त्या काय आहेत हे ठरवता येत नव्हतं म्हणून तिथेच अडकल्या होत्या. सरोजाबाई म्हणाल्या, "तुम्हीं काहीं काळजी करूं नका. पॅरिसला अस्कं मिळतें." पॅरिस म्हणजे पॅरीज कॉर्नर, आमच्याकडची घाऊक बाजारपेठ. अस्कं म्हणजे सगळं. रिक्षा करून आम्ही दोघी तिकडे गेलो आणि पताका, तोरणं, फुगे विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. भगव्या-नारिंगी रंगाच्या प्लास्टिकच्या नळ्या पाहिजेत, भरपूर, असं सरोजाबाईंनी तमिळमध्ये सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "एंद कच्ची?" म्हणजे कोणता पक्ष? निवडणुकीच्या सामानाचं दुकान होतं ते. तिथे रंग म्हटला की त्याच्यामागे पक्ष आलाच.

सरोजाबाई म्हणाल्या, "परवै." म्हणजे पक्षी.

दुकानदार सावरून बसला. नवीन पक्ष दिसतोय, त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. अदबीने त्याने दोन खुर्च्या मागवल्या, रोझ मिल्क मागवलं, आणि हळूच विचारलं, "उमेदवार कोण?" मला हे भाषांतर करून कळेपर्यंत सरोजाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलेलं होतं. मी हसत हसत नमस्कार केला. त्याने भावात सूट दिली. मराठीत पक्ष आणि पक्षी हे इतके सख्खे शेजारी आहेत, हे मी सरोजाबाईंना रिक्षात सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं आणि आम्ही तिघंही एका हातगाडीवर जाता जाता वाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासिमेडू बंदरात आंतरराष्ट्रीय समुदाय दाखल झाला. माशांचा लिलाव ऐन भरात होता. टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायका, पायाखाली खारं पाणी, बर्फाच्या लाद्या फोडणारी माणसं. इंग्रिडबाईंच्या डोक्यावर टोपलीएवढी गवती हॅट होती. एका कोळणीने ती बघून आपली टोपली त्यांच्या टोपीशेजारी धरून मापली आणि सगळा धक्का खो खो हसला. इंग्रिडबाईही हसल्या. दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

बोट किनाऱ्यापासून बरीच आत गेली. मागच्या कडेला सेल्वमनी बांबू उभा केला होता. गळांऐवजी साध्या दोरीला तारल्या, म्हणजे वीतभर लांबीचे मासे, बांधून ती मागे सोडायची, असं ठरलं. आणि ऐन वेळी लक्षात आलं की झिरमिळ्यांची दोरी बांबूला जोडायची लोखंडी कडी आम्ही ऑफिसातच विसरून आलोय. सरोजाबाईंनी शांतपणे केसांतला जाईचा गजरा अर्धा तोडला, त्याचा केळीच्या सोपाचा दोरा चारपदरी वळला आणि गाठ मारून दिली. "सरी. चला."

आधी झिरमिळ्यांशिवाय. तारल्यांची दोरी सोडली मात्र, आकाशातून एकच गिल्ला झाला. हिवाळ्यात आलेले कुरव पक्षी, तांबूस पंखांच्या घारी, आणि बंदरापासून पाठलाग करत आलेले कावळे. एका मिनिटात दोरी साफ. तज्ज्ञ टाळ्या वाजवत होते, जणू पक्षी जिंकले.

मग झिरमिळ्या. नारिंगी नळ्या वाऱ्यावर नाचायला लागल्या आणि कुरव वरच्या वर घिरट्या घालत राहिले. खाली यायचं, झिरमिळी फडफडली की वळायचं, आणि वर जाऊन ओरडायचं. घारींनी एकदा प्रयत्न करून नाद सोडला. तारल्या शाबूत. इंग्रिडबाईंनी हॅट हवेत हलवली. फक्त एक कावळा उडत येऊन बांबूच्या टोकावर बसला, झिरमिळ्यांकडे तुच्छतेने बघितलं, आणि खाली उतरून हवी ती तारली निवडून घेऊन गेला. त्याच्या मागून दुसरा आला.

"कावळ्यांनी करारावर सही केलेली नाही," इंग्रिडबाईंनी गंभीरपणे नोंद केली.

कॅप्टन मात्र हसले नव्हते. "आता वळवा," ते सेल्वमना खुणेने म्हणाले. "वारा आडवा घ्या."

सेल्वमनी सुकाणू फिरवलं. वारा बाजूने आला, आणि कॅप्टन म्हणाले होते तेच, जसंच्या तसं घडलं. झिरमिळ्या उडून तारल्यांच्या दोरीवर पडल्या, गुंतल्या, दोन्ही दोऱ्यांचा पीळ पडला. बांबू वाकायला लागला. कॅप्टन ओरडले, "मागे व्हा!" आणि मला खसकन ओढून बाजूला केलं, पण तसं करताना त्यांचाच पाय दोरीच्या वेटोळ्यात पडला. वेटोळं आवळत आवळत त्यांच्या पोटरीवर चढलं. सेल्वम इंजिनाकडे धावले. त्या पियानो वाजवणाऱ्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला त्याची बोटं दिसली.

टक्!

गजऱ्याचा दोरा तुटला. ताण एकदम सुटला, कॅप्टनच्या पायातलं वेटोळं ढिलं पडलं, बांबू सरळ झाला, झिरमिळ्या सगळ्या गुंत्यासकट मागे समुद्रात गेल्या, आणि डेकवर उभं असलेलं सगळं शिष्टमंडळ एकमेकांच्या अंगावर बसलं. इंग्रिडबाईंची हॅट सेल्वमच्या डोक्यावर होती.

मग कुणीतरी किंचाळलं, "प्लास्टिक! आपण समुद्रात प्लास्टिक टाकलं!" आणि सागरसंवर्धनाचे ते सारे तज्ज्ञ खडबडून उठले. बोट वळवली. आकडी लावलेल्या काठीने इंग्रिडबाईंनी पोटावर आडवं पडून तो नारिंगी गुंता स्वतः वर ओढला.

कॅप्टन खाली बसले होते. पोटरी चोळत चोळत त्यांनी बांबूला उरलेलं टोक हातात घेतलं. त्याला जाईच्या दोन कळ्या अजून चिकटलेल्या होत्या.

"हे काय आहे?"

"गजरा," सरोजाबाई म्हणाल्या.

त्यांनी तो दोरा उन्हात धरला, ओढून पाहिला, हुंगला. आणि मग हसायला लागले. आधी छातीतल्या छातीत, मग सबंध बोट हलेल असं. "तुटायलाच पाहिजे!" ते ओरडले. "इथे, वरच्या टोकाला, एक जागा कच्ची ठेवायची! गुंता झाला की आधी तीच तुटेल, माणूस नाही तुटणार! तिकडे आम्ही सगळं मजबूत करत बसलो. आणखी मजबूत, आणखी मजबूत!" ते उठले, बांबू उपटला आणि वारा येत होता त्या बाजूला नेऊन रोवला. "आणि काठी वाऱ्याच्या अंगाला. म्हणजे गुंताही कमी." मग त्यांनी सरोजाबाईंच्या केसांकडे बघून हात पुढे केला. "आणखी द्या."

"अय्यो! हा माझा गजरा हो!"

"मॅडम, विज्ञानासाठी!"

सरोजाबाईंनी उरलेला गजरा काढून त्यांच्या पंज्यात ठेवला. आम्ही आडव्या वाऱ्यात पुन्हा फेरी मारली, मग आणखी एक, मग उगीचच आणखी एक. आता कुणालाच परत जायचं नव्हतं. झिरमिळ्या गुंतल्या नाहीत. एकदा गुंतवून पाहिल्या, तर गजरा इमानाने तुटला. प्रत्येक वेळी तुटला की जयजयकार. सेल्वमनी डेकवरच स्टोव्ह पेटवून शाबूत राहिलेल्या तारल्या तळल्या, आणि ध्रुवीय समुद्राच्या रक्षणकर्त्यांनी त्या काट्यांसकट फस्त केल्या.

सभेच्या खोलीत परतलो तेव्हा सगळ्यांना माशांचा वास येत होता आणि जेवणाची वेळ जवळ आली होती. इंग्रिडबाईंनी मसुद्यात भर घातली: काठी वाऱ्याच्या बाजूला असावी, आणि झिरमिळ्यांच्या दोरीत एक जोड बाकीच्या दोरीपेक्षा कमकुवत असावा. जाईचा उल्लेख करावा असं मी सुचवलं, ते हसण्यावारी गेलं. आता उरला तो एकच शब्द.

कॅप्टन म्हणाले, "मला पटलंय. पण मला सांगून पाठवलंय ‘शक्यतो’. माझ्या राजधानीला विचारलं पाहिजे." तिकडे पहाट होती. ते मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेले.

काचेतून ते दिसत होते आणि भिंतीतून ऐकू येत होते. त्यांची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. सरोजाबाई कान देऊन मला अर्थ सांगत होत्या, आवाजावरून. "आता मिन्नतवारी करतोय... आता समोरचा नाहीं म्हणला... आता हा भांडतोय... अय्यो, आईवरून कांहीं बोलला..." मग कॅप्टननी भर व्हरांड्यात, एकटेच, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाला दोरी कशी आवळली ते हातवाऱ्यांनी दाखवलं. फोनवर. पलीकडच्याला ते दिसत नसणार, पण पोचलं असावं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन खिशात घातला आणि आत येऊन बसले. चेहरा कोरा.

इंग्रिडबाईंनी मजकूर वाचला, ‘लावलीच पाहिजे’सकट. "कुणाचा आक्षेप?"

मी कॅप्टनच्या हातांकडे बघत होते. ते टेबलावर पालथे ठेवलेले होते आणि तिथेच राहिले.

"आक्षेप नाही," इंग्रिडबाई म्हणाल्या. "मसुदा संमत."

आणि मग जे झालं ते कोणत्याही इतिवृत्तात नाही. साहेबांनी मला मिठी मारली आणि लगेच दचकून नमस्कार केला. एका शास्त्रज्ञाने खिडकीत उभं राहून शिट्टी वाजवली. कॅप्टननी सरोजाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्च्यांमधून गोल फिरवलं, किल्ल्यांचा जुडगा घुंगरासारखा वाजत होता आणि सरोजाबाई ओरडत होत्या, "सोडा हो! मज चक्कर येतें!" फिल्टर कॉफी आली ती आम्ही दारूसारखी प्यायलो. त्या संध्याकाळी घरी जाताना मी बसमध्ये मोठमोठ्याने हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली, तरी थांबता येईना.

त्या वर्षीच्या मोठ्या बैठकीत तो मजकूर जसाच्या तसा मंजूर झाला. सगळंच काही सुधारलं असं नाही. चोरून मासे मारणाऱ्या बोटी कुठलाच कागद वाचत नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्यावर टिपणं लिहीतच राहिले. कितीतरी बाबतींत एका देशाच्या एका ‘नाही’पुढे आम्ही हात टेकले. पण ते रडगाणं आज नको.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा एका सकाळी आमच्या ऑफिसातला फोन वाजला. खरखर, शिट्टीसारखा आवाज, आणि त्यातून ओळखीचा गडगडाट. उपग्रहाच्या फोनवरून कॅप्टन बास्तियान बोलत होते. सल्लागाराची खुर्ची सोडून ते पुन्हा बोटीवर गेले होते. मी स्पीकर चालू केला. सरोजाबाई टेबलावर रेलल्या.

"मॅडम! पहिली दोरी सोडली, आणि आता सगळी ओढून घेतली. सगळी!"

"आणि?"

"मासे आहेत. पक्षी नाही. एकही नाही!"

सरोजाबाईंनी विचारलं, "तुमचीं माणसं?"

"सगळ्यांची बोटं जागेवर आहेत, मॅडम. जोड एकदा तुटला. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"आणि मग पक्षी गेले कुठे?" मी कसंबसं विचारलं.

"गेले कुठेच नाहीत! बोटीच्या मागे बसलेत, पाण्यावर. उपाशी आहेत, रागावलेत, मला शिव्या देतायत. थांबा, ऐका."

त्यांनी फोन बाहेर धरला असणार. वाऱ्याचा सूं सूं आवाज आला, आणि त्यातून एक कर्कश, घोगरा कालवा: दहा गाढवं आणि शंभर बिजागऱ्या एकदम कुरकुराव्यात तसा. ऑफिसातले सगळे आपापल्या टेबलांवरून उठून आले. शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. सरोजाबाई डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

"किती भांडतायत हो मेले!" त्या म्हणाल्या.

मी आजवर अल्बट्रॉस पाहिलेला नाही. पण चेन्नईत, ऐन सकाळी, गच्च भरलेल्या ऑफिसात उभं राहून मी त्यांचा अख्खा थवा ऐकलाय. जिवंत, उपाशी आणि भयंकर चिडलेला.